कॅसेटची दुसरी बाजू

मागच्या अंकात घरातल्या रेडिओविषयी लिहिलं, त्यावर बऱ्याच भगिनींचे फोन आले. एकीनं हक्कानं सांगितलं, "आपा, रेडिओचं झालं, आता कॅसेटचं लिहा. आमच्या घरी 'लाल दुपट्टा मलमल का'ची कॅसेट होती, ती वाजून वाजून गुळगुळीत झाली होती." मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ती कॅसेट आमच्याही घरी होती. पण तिच्या एकाच बाजूला गाणी होती. दुसऱ्या बाजूला काय होतं ते आज सांगते. भाबीची परवानगी घेतली आहे.

आधी सिनेमाविषयी, कारण तरुण वाचकांना त्याचं नावही ठाऊक नसेल. 'लाल दुपट्टा मलमल का' हा 1989 चा. थिएटरात लावायचा नव्हताच तो, घरच्या टीव्हीच्या पडद्यासाठी, व्हिडिओसाठी काढलेला. दिग्दर्शक रवींद्र पीपट, नायक साहिल चड्ढा. दोघेही तेव्हा काही फार मोठी नावं नव्हती. पैसा गुलशनकुमारांच्या टी-सीरिजचा. दिल्लीत दर्यागंजला फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातला हा माणूस कॅसेटच्या धंद्यात आला आणि त्यानं धंद्याचं गणितच बदललं. त्याआधी गाण्याची कॅसेट म्हणजे शहरातल्या म्युझिक शॉपमधली महाग चीज. त्यांनी ती स्वस्त केली आणि पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर नेऊन ठेवली. आमच्या तालुक्याच्या गावी तर चपलांच्या दुकानात मिळायची. त्या वेळी जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेऊन विकायचाही मोठा धंदा होता. त्यावरून भांडणं झाली, कज्जे झाले. त्यात शिरत नाही. 'लाल दुपट्टा'ची गाणी मात्र नवी होती, आणि सिनेमा जणू त्या गाण्यांना कारण हवं म्हणून काढला होता. माणसं कॅसेट आधी ऐकत आणि सिनेमा नंतर, जमलं तर, बघत. पुढच्याच वर्षी 'फिर लहराया लाल दुपट्टा' असा दुसरा भागही निघाला, यावरून पहिल्यानं किती धंदा केला ते समजावं.

संगीत आनंद-मिलिंद यांचं. आदल्याच वर्षी 'कयामत से कयामत तक'नं त्यांना नाव मिळालं होतं. हे दोघे जुन्या जमान्यातले संगीतकार चित्रगुप्त यांचे मुलगे. आणि गीतं मजरूह सुलतानपुरींची. म्हणजे ज्यांनी चित्रगुप्तांसाठी गाणी लिहिली, तेच आता त्यांच्या मुलांसाठी लिहीत होते. आवाज अनुराधा पौडवाल आणि मोहम्मद अझीझ यांचे, बरोबर आणखीही काही गायक होते. अनुराधाबाई मूळच्या कारवारच्या, मुंबईत वाढलेल्या. त्यांचे यजमान अरुण पौडवाल म्हणजे मराठीतल्या अनिल-अरुण या जोडीतले अरुण, त्यामुळे आपल्या कानाला त्या घरच्याच. मोहम्मद अझीझ बंगालचे. रफीसाहेबांची गाणी गात गात वर आलेले, 1985 च्या 'मर्द'नं देशभर पोहोचलेले. पुढे त्यांना काळ विसरला. 2018 च्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा बातमी कोपऱ्यात आली. मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्या आवाजाचं आमच्या घरावर थोडं कर्ज आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठचं. घरटी एक पुरुष बोटीवर किंवा खाडीदेशात. माझा थोरला भाई कुवेतला एका कंपनीत ड्रायव्हर होता. लग्नानंतर चार महिन्यांनी गेला, तो दोन वर्षांनी रजेवर आला, पुन्हा गेला. भाबी तेव्हा बाविशीची. मी नववीत.

ज्यांच्या घरचे आखातात होते त्यांना बोलकी पत्रं ठाऊक असतील. फोन महाग, आणि गावात एकच, पोस्टात. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कॅसेट जायची. भाईनं आणलेला जपानी टू-इन-वन ओटीवर टेबलावर असायचा, अम्मीनं विणलेल्या रुमालाखाली. कॅसेट आली की इशाच्या नमाजीनंतर सगळे गोलात बसत. शेजारच्या खालाही येत, कारण त्यांच्या मुलाचा सलामही त्यातच असायचा. भाईचा आवाज सुरू व्हायचा, "अब्बा, अम्मी, अस्सलामु अलैकुम. मी खैरियतनं आहे. ड्राफ्ट मिळाला का? छपराचं काम पावसाच्या आत करून घ्या. अम्मी, गुडघ्याचं तेल पाठवलंय..." मग माझा अभ्यास, मग शेजारपाजारचे, आणि अगदी शेवटी, "घरात सगळ्यांना सलाम." या 'घरात सगळ्यांना'मध्ये भाबी यायची. सासू-सासऱ्यांसमोर बायकोचं नाव घेऊन बोलायचं म्हणजे केवढा बेशरमपणा! ती दाराच्या चौकटीशी उभी राहून ऐकायची, आणि सलाम आला की पदर सारखा करून चुलीकडे वळायची.

मग त्याच कॅसेटवर आम्ही आमचा जबाब भरायचो. भाईचा आवाज पुसला जायचा, आमचा चढायचा, आणि कॅसेट पुढच्या माणसाबरोबर परत कुवेतला. कोरी कॅसेट कशाला खर्च करायची? ही काटकसर लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

गाण्यांच्या बाबतीत अब्बा कडक होते. उर्दू शाळेत हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. टू-इन-वनवर कुरआनची तिलावत चाले, नात चाले, बीबीसीच्या उर्दू बातम्या चालत. फिल्मी गाणं लागलं की ते काही बोलत नसत, फक्त उठून अंगणात जात. ते उठणं आम्हाला ओरडण्यापेक्षा जड जायचं. गाणं ऐकावं की ऐकू नये हा मसला मी इथे काढत नाही. त्यावर उलेमांमध्येच पूर्वीपासून वेगवेगळी मतं आहेत, आणि हे सदर फतव्यांचं नव्हे. आमच्या घरात रीत काय होती तेवढं सांगते. अब्बा घरात असताना गाणं नाही. अब्बा जुहरला मशिदीत गेले की माजघरात, आवाज बारीक करून, गाणं. अम्मीला ते ठाऊक होतं आणि तिला ते ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक होतं.

'लाल दुपट्टा'ची कॅसेट भाईनं रजेत दापोलीला घेतली. त्यात ते जोडगाणं होतं, तुम्हालाही आठवत असेल. ती विचारते, माझ्यापासून लांब होतास तेव्हा तुझे दिवस कसे जायचे, आणि तो सांगतो. गाण्यात नवीन काहीच नाही. चालही अशी की पहिल्यांदा ऐकताना वाटावं, कुठेतरी ऐकलंय. पण आमच्या खाडीकाठच्या गावांत ते गाणं ज्या कानांवर पडलं, ते कान निराळे होते. ज्या गावात प्रत्येक तिसऱ्या घरातल्या बाईच्या मनात हा एकच प्रश्न असतो आणि तो तोंडानं विचारायची सोय नसते, तिथे कोणीतरी तो गाऊन विचारत होतं. आमच्या आळीतल्या बायका विहिरीवर ते गुणगुणायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

भाई जाताना ती कॅसेट बरोबर घेऊन गेला. भाबीला जरा राग आला, पण बोलली नाही. 1990 च्या एप्रिलात शेजारचा एकजण परत आला. त्यानं अब्बांच्या हाती नेहमीची बोलकी कॅसेट दिली आणि माझ्या हाती ही. "ही गाण्याची तुझ्या भाबीची आहे म्हणे, परत पाठवलीये." अब्बांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी माजघरात आम्ही ती लावली. एक बाजू नेहमीसारखी वाजली. दुसरी लावली, आणि गाण्याऐवजी जरा खरखर झाली, मग भाईचा खाकरण्याचा आवाज आला. मी कॅसेट बाहेर काढून पाहिली. विकतच्या कॅसेटवर काही भरता येऊ नये म्हणून पाठीमागच्या कडेला दोन चौकोनी भोकं असतात. त्यातल्या एकावर चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी लावली की त्या बाजूवर भरता येतं. भाईनं ते साजनाचं गाणं ज्या बाजूला होतं ती शाबूत ठेवली होती आणि दुसरी पुसून तिच्यावर स्वतः बोलला होता. गाण्याच्या कॅसेटला अब्बा हात लावणार नाहीत, हा त्याचा हिशेब. हेडमास्तरांचा मुलगा, हिशेबात पक्का.

त्यातलं मी पहिली पाचेक मिनिटंच ऐकली, मग भाबीनं मला पाणी आणायला पाठवलं. जेवढं ऐकलं त्यात तो त्या गाण्यातल्या प्रश्नाला जबाब देत होता. गाण्यातल्यासारखा मात्र नव्हे. एका खोलीत सहाजण. एकाच्या वर एक पलंग. स्वयंपाकाची पाळी, त्याची पाळी मंगळवारी, त्याची डाळ कोणी खात नाही. शुक्रवारी नमाजीनंतर कपडे धुणं. गाडीत एसी आहे पण गाडी उभी असताना लावू देत नाहीत. रात्री गच्चीवर गेलं की समुद्राचा वास येतो, आपल्या खाडीचा नाही, निराळा. हे त्यानं घरच्या कॅसेटमध्ये कधीच सांगितलं नव्हतं. तिथे फक्त खैरियत असायची. मी पाणी घेऊन आले तेव्हा भाबी हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते, आणि टू-इन-वनमधून एकदम अनुराधाबाईंचा आवाज मधूनच, एका कडव्याच्या अर्ध्यातून उसळून आला. भाईचं बोलणं जिथे संपलं, तिथून पुढे जुनी गाणी तशीच राहिली होती.

2 ऑगस्ट 1990, गुरुवार. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. मोहर्रमचा महिना होता. शुक्रवारी जुम्म्याहून अब्बा आले ते खबर घेऊनच. ज्या मशिदीत रोज पाच-पन्नास माणसं असत तिथे त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती असं सांगत. कुवेतचे फोन बंद पडले. पत्रं बंद. ड्राफ्ट बंद. बीबीसी रोज सद्दाम, बुश आणि तेल सांगायची. आमचा भाई कुठे आहे ते कोण सांगणार? आठवडे गेले. परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन आल्याचं ऐकलं. मग ऐकलं, की माणसं बसनं इराक ओलांडून जॉर्डनला, अम्मानला जातायत आणि तिथून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणतायत. पुढे हिशेब निघाला, की ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत 488 फेऱ्या झाल्या आणि दीड लाखांहून अधिक माणसं परत आली. जगात विमानानं एवढी माणसं एका वेळी कधी हलवली गेली नव्हती म्हणतात. पण तेव्हा आम्हाला फेऱ्या नको होत्या, एक माणूस हवा होता.

एका रात्री अम्मी म्हणाली, "त्याचा आवाज तरी लावा." अब्बा उठले, कॅसेटचा डबा काढला. तिलावत, नात, तिलावत. भाईच्या आवाजाची एकही कॅसेट नाही. एप्रिलमधली आली होती तिच्यावर आमचा जबाब भरून ती जूनमध्येच परत गेली होती. प्रत्येक वेळी आम्ही स्वतःच त्याला पुसून टाकलं होतं. अब्बा डब्यात पुन्हा पुन्हा बोटं फिरवत राहिले, जणू तळाशी एखादी निघेल. अम्मी रडायला लागली. अब्बांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी भाबीकडे पाहिलं. ती चौकटीशीच होती. आजही मला वाटतं, त्या वेळी तिच्या जागी मी असते तर गप्प राहिले असते. त्या कॅसेटवर काय काय होतं ते तिलाच ठाऊक. सासऱ्यांसमोर, तेही अशा सासऱ्यांसमोर, गाण्याची कॅसेट, आणि तिच्यावर नवऱ्यानं चोरून पाठवलेला निरोप. ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं कॅसेट टेबलावर ठेवली आणि खाली बघत म्हणाली, "अब्बा, यात आहेत."

अब्बांनी कॅसेट उचलली. वर लाल दुपट्टा, नायक, नायिका. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली, शाळेत वही तपासायचे तशी. मग विचारलं ते भलतंच. "मजरूह? हे मजरूहचं आहे?"

बाहेरच्या कोणाला ते ऐकून हसू आलं असतं. पण अब्बांच्या कपाटात मजरूहसाहेबांचा 'ग़ज़ल' हा छोटा संग्रह होता, पानं सुटलेला. मदरशात शिकलेले, लखनौला युनानी हिकमत शिकून हकीम झालेले, 1945 मध्ये मुशायऱ्यासाठी मुंबईला आले आणि कारदारांच्या 'शाहजहाँ'नं सिनेमात ओढले गेले, नज्मपायी तुरुंगात जाऊन आले. हे सगळं आम्ही अब्बांकडूनच ऐकलेलं. सिनेमानं आपला शायर पळवला, अशी त्यांची कायमची तक्रार. सत्तरीला आलेला तो शायर अजून पोरापोरींची गाणी लिहितोय, ही खबर त्यांना त्या रात्री, अशा प्रकारे मिळाली. त्यांनी कॅसेट भाबीकडे परत दिली. "लाव, बाय."

वीज नव्हती. ऑगस्टमधला कोकण, ती असतेच कधी? सेल उतरलेले. भाईचा आवाज जाडजूड, सावकाश आला, जसा काही पाण्याखालून बोलतोय. तरी त्याचाच होता. तो खाकरला. मग त्यानं भाबीचं नाव घेतलं. घरात आम्ही कोणीही त्याच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. अम्मीनं डोळे मिटून घेतले. सहा माणसं, पलंग, मंगळवारची डाळ. डाळीला अम्मी रडता रडता हसली. मग भाईचा आवाज बदलला, त्यानं काहीतरी हळू म्हणायला सुरुवात केली, आणि अब्बांनी हात पुढे करून बटण दाबलं.

"पुढचं आपलं नाही," ते अम्मीला म्हणाले. उठले, अंगणात गेले. गाण्यासाठी उठायचे तसेच. पावसात बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः चालत बाजारात गेले आणि सहा नवे सेल घेऊन आले. भाबीच्या हातात दिले. म्हणाले काही नाही. त्यानंतर रोज इशानंतर भाबी कॅसेट लावायची, तेवढीच पाचेक मिनिटं, डाळीपर्यंत. मग बंद. सेल वाचावेत म्हणून अम्मी दिवसभर ते चुलीच्या उबेला ठेवायची. उन्हाळ्यात लोक उन्हात ठेवतात, आमच्याकडे ऊन कुठलं. एके रात्री भाबीचा हात चुकला, कॅसेट उलटी पडली आणि ते साजनाचं गाणं मोठ्यानं सुरू झालं. ती घाबरून बंद करायला धावली. अब्बा खुर्चीत बसलेले होते. ते उठले नाहीत.

भाई सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. अम्मानच्या बाहेर वाळवंटात तंबूत दिवस काढून, अंगावरच्या कपड्यांनिशी, खिशात कुवेती दिनार ज्यांना तेव्हा कोणी विचारत नव्हतं. दाढी वाढलेली. अम्मीच्या गळ्यात पडला, अब्बांच्या गळ्यात पडला, आणि भाबी दिसली तेव्हा म्हणाला, "घरात सगळ्यांना सलाम." सगळे हसले. का हसले ते त्याला पुष्कळ दिवस कळलं नाही.

सिनेमा आम्ही बघितला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. शेजारी लग्न होतं, त्यांनी रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणला होता, सोबत तीन कॅसेट. 'लाल दुपट्टा' दुसरा लागला, रात्री एकला. मुलं चटईवर झोपून गेली होती. भाई-भाबी मागे बसले होते, मध्ये मी आणि दोन उशा. गाणी आली की सगळे जागे, गाणं संपलं की जांभया. सिनेमा अर्ध्यावर असताना वीज गेली, ती सकाळी आली. शेवट काय ते मला आजतागायत ठाऊक नाही. भाबीचं मत तिथल्या तिथे आलं, "गाणी बरी होती. सिनेमा उगाच काढला." पस्तीस वर्षांत तिनं ते बदललेलं नाही, आणि त्या सिनेमाविषयी याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

अब्बा 2003 मध्ये गेले. मजरूहसाहेब त्यांच्या आधी, मे 2000 मध्ये. त्या दिवशी अब्बांनी कपाटातला तो सुटलेल्या पानांचा संग्रह काढून दोऱ्यानं शिवला होता, एवढं आठवतं.

भाबीशी परवा बोलले. कॅसेट आहे अजून, ट्रंकेत, ओढणीच्या घडीत. टू-इन-वन कधीच भंगारात गेला. मोबाइलवर ती गाणी हवी तेव्हा मिळतात. नातीनं लावून दाखवली तर भाबी म्हणाली, "फार स्वच्छ वाजतात गं." मागच्या वर्षी मुलानं सांगितलं, मुंबईत एक दुकान आहे, जुन्या कॅसेटमधला आवाज पेनड्राइव्हवर काढून देतात, फीत तुटण्याआधी करून घेऊ. भाबीनं चौकशी केली. किती पैसे, किती दिवस. मग विचारलं, "ते काढताना ऐकावं लागतं का त्यांना?"

"हो, थोडं तरी ऐकतील ना."

"मग राहू दे," म्हणाली.